मादीच्या ओळीतली उंच बाजरी

नगर,
दसऱ्यानंतरचा रविवार, १९७१

प्रिय आक्का,

हे पत्र पोस्टमनऐवजी केशरबाईनं हातात दिलं म्हणून घाबरू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. तुमच्याकडे पाकीट आलं की आबा ते ओसरीवर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतात, मग वर नाव कुणाचंही असो, हे मला ठाऊक आहे. या पत्राचं तसं वाचन होऊन चालणार नाही. केशरबाई राहुरीच्या बाजारात भेटते, तिच्या हाती देतो आहे. एकटी असशील तेव्हा वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल. तू माझं साधं कार्डसुद्धा ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवतेस, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तुझा बाजरीच्या बियाण्याचा प्लॉट तपासणीत नापास करून तुमच्या अंगणातून सायकल काढली त्याला आता बरेच दिवस झाले. त्या दिवशी तुझ्या सासऱ्यांनी मला जे ऐकवलं ते मी धरून बसलेलो नाही. आबांच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो. तू मात्र चुलीपासून उठून दारात आलीस आणि एवढंच म्हणालीस, "मच्छिंद्रा, मुदत तरी द्यायचीस." ते मला लागलं. या पत्रात त्याचंच उत्तर द्यायचं आहे. पण ते एकदम लिहायला हात धजत नाही, तेव्हा आधी जरा इकडचं तिकडचं ऐकून घे.

इकडचं म्हणजे काय, थकलोय. रतन म्हणते तुमच्या कपड्यांना आता बाजरीचाच वास येतो, धुतले तरी जात नाही. रोज सकाळी सायकल एस.टी.च्या टपावर टाकायची, कुठल्या तरी फाट्यावर उतरायचं आणि पुढे चिखलातून रेटायची. दव सुकायच्या आत शेतात शिरावं लागतं, त्यामुळे मांड्यांपर्यंत भिजतो आणि दुपारी अंगावरच वाळतो. पात्यांनी हात कापतात, घाम लागला की चरचरतात. शेतकी शाळेतून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, चला, बैलामागं चालण्यातून सुटलो. आता बैलाशिवाय चालतोय, एवढाच फरक.

त्यात या साली गोसावी रोगानं उच्छाद मांडलाय. तुमच्या बाजूला कमी आहे, पण पारनेरकडे, आपल्या श्रीगोंद्याकडे प्लॉटच्या प्लॉट गेले. कणसात दाणा भरायचा त्या जागी हिरव्या पात्यांचा झुबका, जटा वाढवलेला गोसावी उभा असावा तसा. मी बांधावरून खाली उतरायच्या आधीच मालकाला निकाल कळलेला असतो, मलाही कळलेला असतो. तरी मी आत शिरायचं, ठरल्या पद्धतीनं मोजायचं आणि त्यानं गुपचूप मागून चालत यायचं. परवा काष्टीच्या पलीकडे एक म्हातारा म्हणाला, "साह्येब, मोजू नगा, नुसतं लिवा." मी तरी मोजलं. न मोजता लिहायचं तर माझी गरजच काय? पण त्याच्या बांधावरून परत चढताना मला गुडघ्यावर हात टेकावा लागला. अजून म्हातारा झालेलो नाही, पण या हंगामात वाटू लागलंय.

लोकांना वाटतं, तपासणीचे निकाल दोनच. पास आणि नापास. तसं नसतं. पास झालं तर तुला माहीत आहे, पोती शिवायची, शिशाचं सील ठोकायचं, चिठ्ठी लावायची, पुढच्या साली कुठल्या तरी अनोळखी माणसानं ते विश्वासानं पेरायचं. नापास म्हणजे बियाणं म्हणून नापास. भाकरीला ती बाजरी कुणी नापास केलेली नसते, पण हे मालकाला त्या घडीला सांगून उपयोग नसतो. काही वेळा शेजाऱ्याची गावठी बाजरी फार जवळ असते, तेव्हा त्या बाजूची पट्टी कापून काढायची आणि उरलेलं पास करायचं. अशा वेळी मालक माझ्यापेक्षा शेजाऱ्यावर जास्त चिडतो, मला ते सोयीचं असतं. आणि मग ती मुदत. भेसळीची झाडं उपटा, साफ करा, मला बोलवा, मी पुन्हा बघतो. सगळ्यांना तीच हवी असते. मलाही द्यायला बरी वाटते, कारण कुणाचं मन मोडावं लागत नाही. फक्त तिला वेळ असते. मॅट्रिकला नापास झालेल्या पोराला ऑक्टोबर असतो, फुलोरा उडून गेलेल्या बाजरीला नसतो.

आणखी एक निकाल असतो, तो आमच्या कुठल्याच कागदावर नाही. मी निघून गेल्यावर त्या घरात काय होतं तो. आम्हाला तो कुणी शिकवला नाही. एक प्लॉट मी पास केला आणि पोती कुणाच्या नावावर यावरून दोघं भाऊ वेगळे झाले. दुसरा नापास केला तर त्या घरच्या बाईनं मला बळेच जेवायला बसवलं, म्हणाली रोग काय तुम्ही आणला होय. शिर्डीकडचा एक जण पास झालं की पेढे आणतो आणि नापास झालं की उदी. उदी बहुधा माझी बुद्धी ताळ्यावर यावी म्हणून. मी दोन्ही घेतो आणि सायकलवर टांग टाकतो. मागं वळून बघायचं नाही असं मी स्वतःला लावून घेतलं होतं, आणि ते इतकी वर्षं निभलंही. तुझ्या प्लॉटला निभलं नाही.

तुझा प्लॉट माझ्याकडे येऊ नये म्हणून मी खरंच खटपट केली. पहिली तपासणी आमच्या ऑफिसातल्या अलीमभाईनं केली होती, बाजरी पोटऱ्यात असताना, कणीस बाहेर पडायच्या आधी. तो इलाखा त्याचाच. मग त्याला कावीळ झाली आणि त्याची सगळी गावं माझ्या अंगावर आली. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं, तिथं माझ्या सख्ख्या बहिणीचा प्लॉट आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेब हसले. म्हणाले, नात्यातले प्लॉट सोडायचे ठरवलं तर नगर जिल्ह्यात तुला बघायला उरेल काय? त्यांचंही खरं होतं, माणसंच नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणत मी निघालो. वाटेत मनाला समजावलं की आक्काचा प्लॉट आहे म्हणजे चोख असणार, आपण जायचं, मोजायचं, पास लिहायचं आणि पुरणपोळी खाऊन यायचं.

तो प्लॉट तुझ्यासाठी काय होता, हे मला कुणी सांगायला नको. इतकी वर्षं तू त्या घरात नांदतेस आणि आबांनी तुला भाकरी झाली का याच्यापलीकडे काही विचारलेलं मी ऐकलं नाही. दाजी भले गृहस्थ, पण कारखान्याच्या पाळीवरून यायचं आणि कुठल्याही गोष्टीवर हो नाही न म्हणता झोपायचं. मग बियाण्याच्या प्लॉटांसाठी चावडीवर सभा झाली, तिथं बायकांच्या सतरंजीवरून उठून तू अधिकाऱ्याला प्रश्न विचारलास. आबा सभेत काही बोलले नाहीत, घरी येऊन बोलले. तरी आपणही प्लॉट घेऊ म्हणून तू सगळा उन्हाळा त्यांच्या मागं लागलीस. शेवटी ते वैतागून म्हणाले, "तुझी हौस हाय न्हवं, मंग तुझंच नाव घाल." त्यांना वाटलं, तू घाबरशील. तू नाव घातलंस. अर्जावर 'राहीबाई सूर्यभान' असं तुझ्या अक्षरात लिहिलेलं मी ऑफिसात पाहिलं तेव्हा मला एवढा आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला मी चहा पाजला.

आणि मग पाऊसकाळात आबा बदलत गेले, ते तूच मला लिहिलं होतंस. अलीमभाई पहिल्या तपासणीला येऊन ओळी सरळ आहेत, रिकाम्या जागांचे नांगे भरलेत, असं म्हणून गेला आणि दुसऱ्या दिवशी आबांनी कांद्याचं रोप कधी टाकायचं ते तुला विचारलं. मग मोटेची पाळी तुला विचारून ठरायला लागली. मग बाजारात कुणी काही विचारलं तर म्हणायला लागले, "आमच्या राहीबाईला इचारून सांगतो." तू ते पत्रात दोनदा लिहिलं होतंस, एकदा वर आणि एकदा खाली, मध्ये काय लिहिलं ते विसरून. मी रतनला वाचून दाखवलं. आम्ही दोघं हसलो आणि रतनच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला येतंच.

आता त्या सकाळचं. तू घरी पुरण शिजवत होतीस. दाजी कारखान्यावर. आबा माझ्याबरोबर बांधापर्यंत आले, पण गुडघ्यांमुळे आत काही उतरले नाहीत, बाभळीखाली बसून राहिले. आत आम्ही दोघंच, मी आणि खुरपणीच्या बायकांची पुढारीण म्हणून केशरबाई. फुलोरा पुरवणाऱ्या नराच्या ओळी नीट होत्या. मग मी मादीच्या ओळीत शिरलो. तुला माहीत आहे की बियाणं धरायचं ते याच ओळीतलं. तिथं सगळं झाड एका उंचीचं, एका रूपाचं असावं लागतं. वेगळं दिसलं की ती भेसळ. पहिल्या तपासणीला अलीमभाईनं हेच सांगून मुदत दिली होती आणि तुम्ही उंच झाडं उपटली होती, त्याच्या शेऱ्यात ते आहे. म्हणजे मुदत तुला एकदा मिळालेली होती, आक्का. त्यानंतर निसवता निसवता, कणसं बाहेर पडताना, मागून आणखी उंच झाडं वर आली. येतातच. ती रोज सकाळी फिरून काढायची असतात. ती काढलेली नव्हती.

थोडी असती तर मी काढून घेऊन पुढं गेलो असतो. पण पहिल्या ओळीत दिसली, मग पुढच्या ओळीत, मग मोजता मोजता मर्यादा कुठं मागं पडली ते कळलं नाही. कणसं इतकी देखणी की बघत राहावं. हातभर लांब, गच्च भरू लागलेली. आणि अशा प्रत्येक उंच ताटाला एक चिंधी बांधलेली. हिरव्या लुगड्याच्या काठाची. गाठ मारलेली नाही, दोन वेढे देऊन शेवट आत खोचलेला, ताट आवळू नये म्हणून. आक्का, तशी चिंधी बांधणारी जगात दोनच माणसं मी पाहिली. एक आई, आणि दुसरी तू, तिच्या मागं मागं फिरणारी. सुगीच्या आधी आई शेतभर फिरायची, थोराड कणीस दिसलं की चिंधी बांधायची आणि म्हणायची, खाऊ कुनाचं बी, पेरायचं थोराचं. ती कणसं वेगळी खुडली जायची, राखेत ठेवली जायची आणि पुढच्या साली तेच आपलं बी. तुला वाटलं असेल, एवढ्या चांगल्या बियाण्यातून हे आणखी चांगलं निपजलंय, उपटून बांधावर फेकायचं कसं. हे आपल्या घरच्या पेरणीला ठेवू, वेगळं खुडू, खात्याच्या पोत्यात जाऊच देणार नाही, मग भेसळ कसली. मी तुझ्या जागी असतो आणि शाळेत शिकलो नसतो तर मीही असंच केलं असतं. कणीस वेगळं खुडता येतं, पण फुलोरा वाऱ्यावर उडतो. ती सगळी झाडं फुलून गेली होती. हलवलं की पिवळी भुकटी हातावर पडत होती, आणि ती चहूबाजूंच्या मादीच्या कणसांवर कधीच जाऊन बसली होती. ती परत बोलावता येत नाही. म्हणून मुदत देता आली नाही. तुला हवं होतं ते उत्तर हे आहे. द्यायला मला इतके दिवस लागले.

मी केशरबाईकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती. म्हणाली, "बाईंची खूण व्हती. मालकिणीच्या खुणंच्या ताटाला आमी हात लावत न्हाई." तिचंही बरोबर होतं, तुझंही बरोबर होतं, आणि प्लॉट नापास होता. मी एकेक चिंधी सोडून खिशात घातली आणि ते ताट उपटलं. सगळं होईपर्यंत ती माझ्याबरोबर होती. मग तिनं विचारलं की तुम्ही काय लिहिणार. मी म्हटलं, किती झाडं सापडली ते. आमच्या कागदावर किती असंच विचारलेलं असतं, कुणामुळं असं विचारलेलं नसतं. ती म्हणाली, "मंग म्या बी काय पाह्यलं न्हाई."

पुढचं तुझ्यासमोर झालं. ताटं वाढलेली होती. जेवून सांगावं असं एकदा मनात आलं, पण ते पुरण गळ्याखाली उतरलं नसतं. मी उभ्यानंच सांगितलं. आबांनी विचारलं की चूक कुणाची. मी म्हणालो, मी फक्त मोजतो, चूक बघायला मला नेमलेलं नाही. असं सरकारी उत्तर दिलं की माणूस चिडणारच. ते म्हणाले, "सख्ख्या भनीच्या मुळावर उठला. आईच्या आजारपनात आमी तिला धाडली न्हाई, त्याचा वचपा काढला." त्यांच्या तोंडून ते आलं तेव्हा मला कळलं की ही गोष्ट त्यांनाही आत कुठं तरी टोचत होती. खोटं कशाला सांगू, तो राग माझ्या मनात आहे. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती आणि तू पोचलीस ती तिला उचलल्यावर. तो राग जायचा नाही. पण मी जे लिहिलं ते त्या रागानं लिहिलं नाही, एवढं तुला माहीत असावं. तेव्हा आबांना उलट उत्तर देणं माझ्या जिभेवर आलं होतं. खिशात हात घातला तर बोटांना चिंध्या लागल्या, आणि मी गप्प बसलो. माझ्या मनात आलं, यांना माझ्यावरच चिडू दे.

कारण आक्का, खरं कळलं तर काय होईल ते मला अंगणात उभ्या उभ्या दिसलं. आज आबा म्हणतात, सूनबाईनं प्लॉट आणला चांगला, तिच्या भावानं घात केला. उद्या चिंधी कळली की म्हणतील, बाईमाणसाच्या हातात शेत दिलं की हे असंच व्हायचं. मग कांद्याचं रोप तुला कुणी विचारणार नाही, मोटेची पाळी विचारणार नाही. पुढच्या साली सभा झाली तर तू सतरंजीवर खाली मान घालून बसशील. बाजरी गेली तर गेली, बाजारात धान्य म्हणून विकली, उरलेली घरात खाल्ली जाईल. पण तू त्या घरात तोंड उघडायला इतकी वर्षं लावलीस, ते एकदा बंद झालं की पुन्हा उघडायचं नाही. मला त्या घरात वर्षातून एकदा यायचं असतं. तुला तिथं नांदायचंय.

हे तुला कळवावं की नाही, यावर मी बराच विचार केला. न कळवावं असं वाटत होतं. पण मग पुढच्या हंगामात तू पुन्हा तसंच प्रेमानं चिंध्या बांधशील आणि दुसरा कुणी निरीक्षक येऊन त्या आबांच्या हातात ठेवील. म्हणून सांगतो. प्लॉट पुन्हा घे, नक्की घे, जमीन चांगली आहे आणि तुझा हातही. फक्त मादीच्या ओळीत जे उंच दिसेल ते उपट, मग ते कितीही देखणं असो. आई आता असती तर तिलाही मी हेच सांगितलं असतं आणि तिनं माझा कान धरला असता. स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. तुला जे शिकवलं होतं तेच तू केलंस. शिकवणारी चुकीची नव्हती, बाजरी वेगळी होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. केशरबाई गेल्या बाजारी भेटली तेव्हा म्हणाली, आबांनी राहुरीहून तक्रारअर्ज टाइप करून आणलाय. मच्छिंद्र नावाच्या निरीक्षकानं जुन्या आकसापोटी चांगला प्लॉट नापास केला, म्हणून. प्लॉट तुझ्या नावावर आहे, तेव्हा सही तुझी लागते, आणि तू करत नाहीस. आबांनी दोनदा कागद पुढं ठेवला, तू दोनदा उठून गेलीस. दाजी पाळीवरून आले आणि न जेवता परत कारखान्यावर गेले. आबा शेजारीपाजारी सांगतात, घर सासरचं आन् जीव म्हायेरात. कदाचित त्या चिंध्या नाहीशा झालेल्या पाहून तुला आतून कळलंच असेल, आणि म्हणून तुझा हात उठत नसेल. तू अशीच अडून बसलीस तर आबा का म्हणून विचारायला लागतील, मग खुरपणीच्या एकेका बाईला बोलावतील, आणि सगळ्याच काही केशरबाई नाहीत. तेव्हा सही कर, आक्का. मी आजवर एकाही खोट्या कागदावर सही केली नाही, तुझ्या प्लॉटसाठीसुद्धा केली नाही, आणि तुला मात्र सांगतोय की खोट्या कागदावर सही कर. माझं फार काही होणार नाही. शेत कापून झालंय, साहेब माझा कागद बघतील, एखादा शेरा मारतील, फार तर धुळ्याकडे टाकतील. तिकडंही बाजरीच आहे. या भाऊबीजेला मी येणार नाही, आणि रतन ओवाळणी पाठवणार नाही, म्हणजे तुझी सही घरातल्यांना खरी वाटेल. चौकशीला कुणी आलं आणि भाऊ कसा आहे असं विचारलं तर डोकीवरचा पदर सावरून आबांच्या देखत सांग, कडक आहे, नात्यागोत्याचं बघत नाही. त्या सगळ्या कागदात तेवढी एक गोष्ट तरी खरी असेल.

तुझाच, तू कुठंही सही केलीस तरी,
मच्छिंद्र